पहिला शब्द आशाबाईचा

कडुबा गवंड्यानं जन्मभर दुसऱ्यांची घरं उभी केली. सिडकोतल्या किती भिंती आपल्या हातच्या, हे आता त्यालाही सांगता आलं नसतं. नाताळ सरला आणि तीन दिवसांच्या तापात त्याची बायको आशाबाई गेली. एप्रिलात त्यानं तिच्या कबरीवर चौथरा बांधला, एकट्यानं. हाताखालीसुद्धा कुणाला घेतलं नाही.

त्या उन्हाळ्यात नळाला सहाव्या दिवशी पाणी येत होतं. पण नव्या गिलाव्याला आठवडाभर पाणी मारलं नाही तर तो तडकतो. म्हणून कडुबा पिण्याच्या पाण्यातलाच एक कॅन सायकलला बांधून रोज संध्याकाळी कब्रस्तानात जायचा. शेजारची चंपाबाई म्हणालीच, "आशा व्हती तव्हा तिच्या हंड्याला कधी हात लावला नाय, अन् आता पाणी वाहतोय." कडुबा नुसता हसला. खरंच होतं ते.

चर्चमधल्या लोकांचं मात्र वेगळंच चाललं होतं. आशाबाई गेल्यापासून कडुबा रविवारी यायचा, पुरुषांच्या बाजूला नेहमीच्या जागी बसायचा, गीताला उभा राहायचा, पुस्तक उघडायचा. तोंड तेवढं उघडत नव्हता. तीस वर्षं घसा ताणून गाणारा माणूस! कडुबा देवावर रुसला, अशी कुजबुज झाली.

त्याला ते चाललं. म्हणोत रुसला. खरं कारण सांगण्यापेक्षा ते बरं.

कडुबाला वाचता येत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात, शाळेच्या वयात, तो आईसोबत सरकारी कामावर खडी फोडत होता. तिथून शहरात आला तो थेट गवंड्याच्या हाताखाली. लग्नानंतर हे कळलं तेव्हा आशाबाईनं पाटी आणली, त्यानं ती माळ्यावर टाकली. मग तिनं दुसरी तोड काढली. बायकांच्या बाजूला अगदी कडेला, त्याच्या सरळ रेषेत बसायची आणि प्रत्येक ओळीचा पहिला शब्द सगळ्यांच्या आधी खणखणीत म्हणायची. तो कानावर पडला की बाकीची ओळ कडुबाच्या गळ्यातून आपोआप निघायची. बायका चिडवायच्या, "आशाबाई, गाडी सुटती का काय तुमची?" ती म्हणायची, "व्हय, लई लांब जायचंय मला." खरी गोष्ट तिनं कुणाला कळू दिली नाही.

सातव्या संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब कब्रस्तानात आले. कडुबा चौथऱ्यावर पाणी शिंपडत होता. ते बाजूच्या दगडावर टेकले. पुनरुत्थानाच्या आशेबद्दल बोलले, दुःखात देव जवळ असतो म्हणाले. कडुबाला त्यातलं काहीच खोटं वाटत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "रागावला असाल तर तसं त्याला सांगा, कडुबा. पण अबोला नका धरू."

तो शब्द त्याला लागला. चर्चमध्ये लोक काही का म्हणेनात. इथं, तिच्या उशाशी उभं राहून, हे ऐकून घेणं त्याला जमेना.

"अबोला नाय, साहेब," तो कॅन खाली ठेवत म्हणाला. "मला वाचता येत नाय. ती पयला शब्द द्यायची, म्या पुढचं म्हणायचो. आता कोण देणार?"

आशाबाईच्या आवडीच्या गीताचा पहिला शब्द पाळकसाहेबांनी हलकेच म्हटला, "तुझ्या..." आणि त्याच्याकडं पाहत थांबले.

कडुबाचं तोंड उघडलं, पण त्यानं मान हलवली. "नगा देऊ," तो म्हणाला. "ती जागा तिची हाय."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले. फाटक करकरलं. बाहेरून एक टँकर नव्या वसाहतीकडं धडधडत गेला. कडुबानं कॅन उपडा करून उरलेलं पाणी कोपऱ्यावर झटकलं, टोपी काढली, घसा खाकरला. तिच्या एका शब्दाला लागायचा तेवढा वेळ थांबला.

"...सावलीत ठेव मला," तो गायला. पुन्हा थांबला. "...वाटेवर धर हात."

गीत संपेपर्यंत तो प्रत्येक ओळीआधी तसाच थांबत गेला.