पट्टे काचेचे की वेळेचे

माझी धाकटी सून प्रयोगशाळेत उजेड जुळवते. लोकांना वाटतं, दिवे लावते. दिवे काय, शिपाईही लावतो. ही लेसरचा किरण एका आरशावरून दुसऱ्यावर नेत हव्या त्या जागी नेमका आणून सोडते. सतरा वर्षं झाली. घरात तसबीर जरा तिरकी दिसली तर हिच्या घशाखाली घास उतरत नाही.

मी चौथी शिकलेली. तिनं मला सांगितलं ते असं. दोन बारीक फटींतून उजेड गेला की समोर पट्टे पडतात, कारण लाटा एकमेकींत मिसळतात. कुठे हात देतात, कुठे पाय ओढतात, जावांसारख्या. हिच्या कामात फटी जागेतल्या नाहीत, वेळेतल्या आहेत. एका काचेवर जोरदार झोत मारला की ती पापणी लवायच्या कितीतरी आधी आरशासारखी होते आणि लगेच मंदावते. असं लागोपाठ दोनदा. त्या दोन क्षणी परतलेला उजेड एकमेकांत मिसळतो, आणि पट्टे पडतात ते भिंतीवर नाही, त्याच्या रंगांत.

एकदा ती चष्मा घरी विसरली, म्हणून मी तो द्यायला गेले. तिच्या लेसरच्या मेजाशेजारी संगणकावर पट्टे आले होते, अगदी ठसठशीत. मला वाटलं, झालं काम. पण तिच्या सरांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"इतके पट्टे येणारच नाहीत," सर म्हणाले. "काच इतकी चपळ नाही, मी गणित केलंय. काचेच्या पाठीवरून उजेड परततोय, त्याचे आहेत हे. जुळवणी चुकली, बाई. काच काढा, नवी मागवू."

नवी यायला चार महिने, आणि वहीत 'जुळवणी सदोष' असा शेरा. सतरा वर्षांत तसा शेरा तिला एकदाही मिळाला नव्हता.

"पाठीचा उजेड मी सकाळीच बाजूला काढलाय, सर."

"म्हणजे माझं गणित चुकलं?"

"मी फक्त जुळवणीचं बोलतेय. दहा मिनिटं द्या."

"सासूबाई बसल्यात, म्हणून नाही म्हणवत नाही."

"मग मी रोज येत जाईन," मी म्हटलं.

सून म्हणाली, "पट्टे काचेच्या जाडीचे असतील, तर दोन झोतांमधला वेळ बदलून ते हलायचे नाहीत. वेळेचे असतील तर हलतील." तिनं एक स्क्रू फिरवला. दुसऱ्या झोताच्या वाटेतला आरसा केसभर मागे सरकला, त्या झोताला थोडा उशीर झाला. पडद्यावरचे पट्टे एकमेकांजवळ आले, दाटले. स्क्रू उलटा फिरवला तसे विरळ झाले. मग तिनं दुसरा झोत पुठ्ठ्यानं अडवला. पट्टे गेले.

सर पडद्याजवळ वाकले. मग खुर्ची ओढून म्हणाले, "पुठ्ठा काढून पुन्हा लावा."

तिनं काढला, लावला. पट्टे आले, गेले.

"काच राहू दे," सर म्हणाले आणि वही पुढे ओढून त्यांनी स्वतःच लिहिलं : जुळवणी निर्दोष. "गणित मात्र पहिल्यापासून करावं लागणार."

"करा ना सर," सून चष्मा पुसत म्हणाली, "तोवर मी अजून मोजमापं घेते."