फिकट गुलाबी वर्तुळ

कॉलेजातलं जुनं कपाट आवरताना एक कागदी पाकीट हाती लागलं. उघडलं, तर आतल्या वाळक्या भूछत्राला अजून रानातल्या पाचोळ्याचा वास होता. त्या वासासरशी नाशिकचं ऊन विरत गेलं आणि मी कळवणच्या डोंगरात, यमुनामावशींच्या ओट्यावर जाऊन बसले.

तेव्हा मी रानातल्या भूछत्रांवर संशोधन करत होते आणि मावशींच्या घरी उतरले होते. अंगणात श्रावणातलं धुकं उतरलं होतं. सगळी एकाच जातीची समजून मी टोपलीभर अळंबी आणली होती. मावशींनी त्यातली एक उलटी करून छत्रीखालच्या पातळ पडद्यांचा वास घेतला.

"ही ती नाय, ताई. ही निराळी हाय."

मला पटलं नाही. तरी खात्री करायला रात्री तिची आणि दुसऱ्या एकीची छत्री काळ्या कागदावर पालथी ठेवून वर वाट्या झाकल्या. सकाळी वाट्या उचलल्या. दुसरीच्या छत्रीतून झडलेल्या बीजाणूंच्या पुडीचा ठसा पांढरा होता. हिच्याखाली मात्र फिकट गुलाबी रेघांचं वर्तुळ उमटलं होतं. श्वासानं उडेल म्हणून मावशींनी तोंडावर पदर धरला. आम्ही दोघी कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिलो.

"आमी हिला पहिल्यापासून येगळ्या नावानं हाक मारतो," त्या हसत म्हणाल्या, आणि ते नावही त्यांनी सांगितलं.

पुढे ती जात नवी ठरली, शोधनिबंधावर माझं नाव छापून आलं. मीच शोधली, असं कित्येक वर्षं वाटत होतं. मावशी आता नाहीत. पाकिटावर माझ्या अक्षरात रंग, वास, मापं, सगळं आहे. त्यांनी सांगितलेलं नाव मी लिहूनच घेतलं नव्हतं.