गाडीच्या जागेवरचा कॅमेलिया

कार्डिफला घर घेतलं तेव्हा पुढच्या अंगणात एक झाड होतं, नेमकं मला गाडी लावायची होती तिथं. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी ते तोडायला यायला एक माणूस ठरवून ठेवला. एकदा मी ठरवलं की मग मी स्वतःचंही ऐकत नाही.

तेव्हा आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती आणि तिसऱ्या आठवड्यातच परत जायचं म्हणत होती. "भांडी मशीन धुते, कपडे मशीन धुते. मी काय करून राहिली इथं?" आराम कर म्हटलं की तिला तो अपमान वाटे. मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगतो, रागही यायचा.

एका सकाळी ती बुद्धवंदनेसाठी त्या झाडाची पांढरी फुलं तोडत होती. शेजारचे म्हातारे गृहस्थ, पूर्वी एका वनस्पती उद्यानात नोकरीला होते, कुंपणावरून मला म्हणाले, हा नर्सरीतला कॅमेलिया नव्हे, चीनच्या डोंगरातला रानटी आहे, इकडे क्वचितच दिसतो. तिकडे याच्या बियांचं तेल स्वयंपाकाला वापरतात, केसांनाही लावतात. आणि त्यांनी आपलं तुळतुळीत टक्कल चोळून दाखवलं. आईला इंग्रजी येत नाही, पण हे तिला माझ्याआधी कळलं.

झालं. बोंडं फुटून पडलेल्या बिया तिनं वेचल्या, रेडिएटरवर वाळवल्या, सोलल्या, मिक्सरमध्ये भरडल्या, वाफवून फडक्यात पिळल्या. तेल निघालं जेमतेम तीन चमचे. चोथा रिठ्यासारखा फेसाळला, तर त्यात तिनं आपली पांढरी साडी धुतली. मशीनला हात लावला नाही. आठ-दहा दिवस परतीचं नाव नाही.

शुक्रवारी संध्याकाळी म्हणाली, "बस खाली." चाळिशी ओलांडलेला मी मुकाट्यानं बसलो. डोक्यावर तेल जिरवत तिनं विचारलं, "उद्या माणूस किती वाजता येते?"

"येत नाही," मी म्हणालो आणि तेलकट कपाळानंच त्याला फोन लावला.

आई पुरे सहा महिने राहिली. गाडी अजून रस्त्यावरच असते.

यंदा थोड्या बियांचं तेल मीच काढलं. व्हिडिओ कॉलवर वाटी दाखवली. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला.

"काळं केलंस. लावून कोण देणार?"

"तू. तिकीट काढू का?"

"काढ. आणि बाकीच्या बियांना हात लावू नको. मी येऊन करते."