डोलीना बीटन गाडी मागे घेत नाही

आमच्या स्काय बेटावर रस्ता म्हणजे एका गाडीपुरती डांबराची पट्टी. समोरून कोणी आलं तर ज्याच्या पाठीमागे बाजूला व्हायची जागा जवळ असेल त्यानं मागे जायचं, आणि दुसऱ्यानं पुढे निघताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून आभार मानायचे. हे शाळेत कोणी शिकवत नाही. ज्याला एवढंही कळत नाही त्याला आम्ही माणसात धरत नाही, मग तो कितीही मोठा जमीनमालक असो.

डोलीना एकसष्ट वर्षांची आहे. आधी फर्गसच्या वडिलांकडे आणि आता बसकंपनीचा मालक झालेल्या फर्गसकडे, अशी बावीस वर्षं ती प्रवाशांची छोटी बस चालवते आहे. मी त्याच ऑफिसात बुकिंग घेते, त्यामुळे तिचे सगळे नखरे मला पाठ आहेत. इनव्हर्नेस शहरातून माणसं घ्यायची, डोंगरातून, तळ्याकाठच्या किल्ल्यावरून पूल ओलांडून बेटावर आणायची. किल्ल्यापाशी ती फोटो काढून देते आणि उघड उघड जांभया देते. तिचा सगळा जीव स्कोराबॉस्टमध्ये.

स्कोराबॉस्ट म्हणजे समुद्राच्या उतारावरची सतरा पडकी घरं. छप्पर एकावरही नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तेव्हाच्या मालकाला मेंढ्यांसाठी जमीन हवी होती, म्हणून त्यानं छपरं जाळली आणि बहुतेक माणसं जहाजात भरून पाठवून दिली. डोलीनाच्या पणजीची आई तेव्हा सात वर्षांची होती. डोलीना प्रवाशांना घरोघर नेते आणि प्रत्येक दारात कोण राहत होतं ते सांगते. सतरा नावं, हातात कागद नाही. लोक किल्ला विसरतात, हे विसरत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ती जमीन प्रिचर्ड नावाच्या लंडनच्या माणसानं घेतली. त्याला तिथे लग्नं लावायची होती, आणि लग्नाच्या वऱ्हाडाला जळालेली घरं कशाला दाखवायची? त्यानं फर्गसला बोलावून सांगितलं, की बस माझ्या नव्या चहाच्या दुकानाशी थांबव, ती रडगाणी बंद कर. फर्गस घाबरट. त्यानं डोलीनाला बजावलं, की पुन्हा स्कोराबॉस्टला थांबलीस तर बसच्या किल्ल्या ठेवून जायचं. डोलीना किल्ल्या खिशात टाकून निघून गेली. ती थांबणारच, हे आम्ही समजून गेलो.

पुढच्याच मंगळवारी आईकडे जायला मीही तिच्या बसमध्ये बसले होते. स्कोराबॉस्टपाशी पोचतो तर रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत ओळीनं धोंडे. बस थांबू नये म्हणून प्रिचर्डनं टाकलेले. पण ती जागा नुसती बसची नव्हती, गाड्यांना बाजूला व्हायची तीच जागा. हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. आणि धोंड्यांच्या थोडं अलीकडे त्याची स्वतःचीच मोठी गाडी आमच्यासमोर येऊन उभी ठाकली. त्याच्या मागे बाजूला व्हायची मोकळी जागा अर्ध्या मैलावर, आमच्या मागे पाऊण मैलावर.

त्यानं हातानं खूण केली, मागे घ्या. डोलीनानं इंजिन बंद केलं.

आमच्या मागे पोस्टाची गाडी आली, तिच्यामागे मेंढ्यांचा ट्रक. दोघांनीही परिस्थिती पाहिली आणि इंजिनं बंद केली. प्रिचर्ड खाली उतरून आला आणि म्हणाला, की फर्गसला आत्ताच्या आत्ता फोन लावतो. तिथे रेंज नसते. वारा पडलेला होता, आणि वारा पडला की आमचे बारीक डास माणसाला सोलून काढतात. तो दोन्ही हातांनी तोंडावर चापट्या मारत होता.

डोलीनानं प्रवाशांना खाली उतरवलं, थर्मासमधला चहा वाटला आणि रस्त्यावर उभ्या उभ्याच पहिल्या घरापासून सुरुवात केली. सगळी सतरा सांगितली. प्रिचर्डला ऐकावंच लागलं. संपल्यावर ती त्याच्याकडे वळली.

"याच रस्त्यावरून माझ्या माणसांना एकदा मागे हटवलंय, साहेब. आता तुमची पाळी."

पोस्टमन पुढे होऊन त्याला दिशा दाखवू लागला. अर्धा मैल उलटा जायला प्रिचर्डला वीस मिनिटं लागली. दोनदा त्याचं चाक चिखलात गेलं, दोनदा आमच्याच माणसांनी ढकललं. शेजारून जाताना डोलीनानं बोट उचललं. रीत ती रीत. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि मी वाजवल्या.

संध्याकाळी ऑफिसात फर्गस तोंड पाडून बसला होता. प्रिचर्डचा फोन येऊन गेला होता. "आत्या, मी तुला सांगितलं होतं," एवढंच तो म्हणाला. गावातली सगळी पोरं तिला आत्याच म्हणतात.

तिनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "बस तुझी आहे, घे. पण उद्यापासून मी तिथे पायी जाणार, आणि येईल त्याला घेऊन जाणार. त्यात चौथं घर तुझ्या घराण्याचं आहे. बावीस वर्षं मी परक्यांना दाखवतेय. तू एकदा तरी आलास?"

ती कोट चढवून दारापर्यंत गेली. तेव्हा फर्गसनं किल्ल्यांकडे बघतच विचारलं, "चौथं कुठून मोजायचं? ओढ्याकडून की समुद्राकडून?"

"ओढ्याकडून," डोलीना म्हणाली. "सकाळी सातला ये. आणि बूट चांगले घाल, गाडी लावायला तिथे जागा नाहीये."