पायाळूचा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्या भूम तालुक्याकडं पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीवर पाय लावून घेतात. त्यामुळं गावात माझा भाव होता, आणि मला तो आवडायचा. खोटं कशाला बोलू?

वडील चिंचेवरून पडले तेव्हा मी बीएस्सीला होते, सुट्टीत घरी आलेली. ते पालथे पडून कण्हत होते. "पाठ लई दुखतीया," म्हणाले. पायांची बोटं मात्र हलत होती. चुलती माझ्यावर ओरडली, "उभी काय राहिलीस? लाव की पाय!" मी लावला. एकदा नाही, रीतीप्रमाणं तीनदा. जीपमध्ये बार्शीपर्यंत ते बोलत होते. सोलापूरच्या दवाखान्यात उतरवलं तेव्हा कमरेखाली त्यांना काहीच कळत नव्हतं.

आज मी पुण्यात एका प्रयोगशाळेत मज्जारज्जूच्या इजेवरच काम करते. दुसरा विषय मला सुचलाच नाही. मार बसतो तो क्षणाचा, पण नुकसान पुढं कितीतरी तास पसरत राहतं. जखमेतल्या पेशी प्रथिनं सोडतात आणि ती आजूबाजूच्या पेशींना निरोप देतात. काही निरोप मदतीचे असतात, काही सरळ मरायचे. त्यात वाचलेल्या पेशीही जातात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं, आणि मग त्याचीच लाज वाटली.

परवा गावी गेले. वडील ओसरीवर चाकाच्या खुर्चीत शेंगा फोडत बसले होते. सतरा वर्षं गिळलेलं मी एकदाचं विचारलं, "दादा, माझ्या पायानं झालं का हो हे?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "तू एवढी शिकलीस. तुझं शिक्षण काय म्हणतं?"

मी प्रथिनांचं सगळं सोपं करून सांगितलं. ते कान देऊन ऐकत होते. मग घाईघाईनं म्हणाले, "म्हंजी आतनंच सुटलं समदं. तुझा पाय न्हाय. व्हय ना?"

मोडक्या मणक्यावर भार आला की काय होतं, ते मी रोज पाहते.

"तसं सांगता येत नाही, दादा. पायानं वाढलंही असेल."

त्यांचे हात थांबले. म्हणाले, "तुझा पाय न्हाय, इतकी वर्सं म्या तेवढंच धरून बसलोय, पोरी. व्हय म्हणायला तुझं काय जात होतं?"