पांढऱ्या भाताचा मान

मी बी.ए. झाले त्याच वर्षी आमच्या घरात मशीनचा तांदूळ आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण माझ्या बाने तो जोडला. नागपूरहून निकाल घेऊन मी सावली या आमच्या गावी परतले तेव्हा गावात धान भरडायची डिझेलची मशीन नुकतीच बसली होती. बाने धानाचं पोतं गाडीत टाकलं, तांदूळ काढून आणला आणि सुपात पसरून ओसरीवर ठेवला. येणारा-जाणारा थांबून बघायचा. आता आमच्या घरी लाल भात शिजत नाही, पोरगी बी.ए. झाली, असं बा प्रत्येकाला सांगायचा.

लाल भात म्हणजे हातसडीचा. उखळात धान सडलं की तूस निघतं, पण दाण्यावरचं लालसर साल बरंचसं राहतं. आमच्याकडे तो सगळ्याच गरिबांच्या ताटात असायचा. पांढरा भात लग्नात, नाहीतर मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या घरी.

मायला माझ्या पदवीपेक्षा त्या मशीनचा आनंद जास्त झाला. तिने मुसळ छपराच्या वाशांत खोचून ठेवलं. मी तिला दोष देत नाही. जन्मभर पहाटे उठून तिने धान सडलं होतं आणि तिचा उजवा खांदा वर उचलला जात नव्हता. वेणी घालायलासुद्धा ती मला बोलवायची.

मला भाऊ नाही. म्हणून मला शिकवलं असं लोक म्हणत. बा म्हणायचा, पोरगा असता तरी शिकवलंच असतं. खरं काय ते देव जाणे. पण मी शिकले, गावातल्या शाळेत मास्तरीण झाले, आणि आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणाला सही येत नव्हती. हे मी आजही मान वर करून सांगते.

भाताबरोबर भाजीही बदलली. अंबाडी, तरोटा, लाखोळीचा पाला, पावसाळ्यातले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, हे सगळं बाच्या मते आता मास्तरणीच्या घरात शोभत नव्हतं. पांढरा भात, पातळ वरण, वर कधी बटाट्याचा रस्सा. असं दोन-तीन वर्षं चाललं.

मग बा सकाळी लोटा घेऊन बांधीकडे, म्हणजे धानाच्या शेताकडे जायचा तो ऊन चढल्यावर परत यायचा. आला की भिंतीला धरून उभा राहायचा. बसला तर एका मांडीवर कलून. विचारलं तर म्हणायचा, पाय भरून आला. जेवायलाही टाळू लागला. कमी खाल्लं तर कमी जावं लागेल असा त्याचा हिशेब होता, आणि त्याच हिशेबाने त्याने पाणीही कमी केलं. उलट पोट आणखीच धरत होतं. हे मला कळलं ते मायकडून. ती विहिरीवरून कपडे धुऊन आली आणि पिळे खाली ठेवत म्हणाली, "तुया बाले रक्त पडून रायलं. मले तो नाई सांगत. धोतर सांगते."

मी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, बाहेरगावचे. त्यांनी तपासलं आणि मला बाजूला बोलावून सांगितलं की मूळव्याध आहे, पोट साफ होत नाही म्हणून वाढली आहे. मशीनचा तांदूळ बंद करा, सालासकट तांदूळ द्या, पालेभाजी द्या, पाणी भरपूर द्या. शिमग्यापर्यंत बघू. रक्त थांबलं नाही तर नागपूरला नेऊन कापावं लागेल.

मी बाला सगळं सांगितलं, पण त्याने एवढ्यातलं फक्त कापायचं ऐकलं. घरी येईपर्यंत मीच बोलत होते. शाळेत आरोग्य शिकवायचे तसं सांगत होते की मशीन जे साल काढून टाकते ते आपलं पोट पचवू शकत नाही, आणि त्याचा उपयोग तोच आहे. ते पाणी धरून तसंच पुढे सरकतं, मळ मऊ ठेवतं, आतड्याला ढकलायला काहीतरी मिळतं. पांढरा भात सगळा पोटातच जिरतो. मागे उरतं ते थोडं आणि कडक. बाने सगळं ऐकून घेतलं. अंगणात आल्यावर म्हणाला, "लाल भात खाऊनच तुले शिकवलं. आता तोच पुन्हा ताटात आला त लोक काय म्हनतीन? मास्तरनीचा पगार पुरत नाई म्हनतीन."



पण कापायची भीती त्याच्या मनात बसली होती. त्याने स्वतःच एक वाट काढली. मशीनवाला तांदळाबरोबर कोंडा परत द्यायचा, तो आम्ही म्हशीला घालायचो. बाने विचार केला की गुण जर कोंड्यात आहे तर कोंडाच खावा, ताटातल्या पांढऱ्या भाताला हात कशाला लावायचा? माय विहिरीवर आणि मी शाळेत असताना तो गोठ्यात गेला. म्हशीच्या घमेल्यातला कोंडा मीठ लावून, ताकात कालवून, औषध जितकं जास्त तितका गुण लवकर, असं म्हणत पोटभर खाल्ला. मशीनच्या त्या कोंड्यात अर्धं तूसच भरडलेलं असतं. वरून पाणी प्यायला नाही.

संध्याकाळी मी घरी आले तर बा बाजेवर कुशीला पडून होता. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. आत गुडगुड चालली होती आणि बाहेर काहीच येत नव्हतं. माय ओव्याचं कोमट पाणी पाजत होती आणि खरं काय ते विचारत होती. शेवटी त्याने सांगितलं. मायने पाण्याची वाटी खाली ठेवली.

"अजी, म्हशीचं खाल्लं," ती म्हणाली, "त म्हशीवानी पानी तरी प्यायचं होतं."

बाला त्या कळांतही हसू आलं, आणि हसल्यामुळे आणखी कळ आली. दोन दिवस तो बाजेवरच होता. पोट मोकळं झालं तेव्हा पुन्हा रक्त गेलं, आणि तो म्हणाला, डॉक्टर खोटा आणि तुझी पुस्तकं खोटी.

मला ते लागलं. मी त्याला सरळ सांगितलं की पुस्तक खोटं नाही, खाण्याची रीत खोटी. पोटाला सवय नसली तर एकदम घातलेलं साल वारा धरतं. मूठ-मूठ वाढवायचं, आणि पाणी प्यायचं. त्याने विचारलं, सडेल कोण? मी मायकडे पाहिलं. माय म्हणाली, "माया खांदा गेला त्या मुसळात. मी पुन्हा नाई धरत. ज्याले खायचा त्यानं सडावा, नाई त त्याच्या बी.ए.वाल्या पोरीनं."

मग मी वाशांतून मुसळ खाली काढलं.

लहानपणी मी सडलेलं होतं, पण नागपूरच्या वसतिगृहात हात मऊ झाले होते. उजाडताना उखळाशी बसायचं. सडायचं, पाखडायचं, तूस उडवायचं, पुन्हा सडायचं. त्यानंतर आंघोळ, आणि मग शाळा. फळ्यावर लिहिताना ओळ खाली घसरायची. मुली मागे कुजबुजायच्या. घरी आल्यावर वह्या तपासायला घ्यायचे आणि त्यांच्यावरच डोकं टेकून झोपी जायचे. शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, "काऊन बाई, नागपूरले हेच शिकवलं का?" मी म्हटलं, हेच तेवढं राहिलं होतं. जास्त बोलायला अंगात त्राण नसायचं.

पहिल्यांदा पांढऱ्या भातात लाल भाताची एक मूठ. बा लाल दाणे ताटाच्या कडेला सारायचा, मी ते परत आत लोटायचे. मग अर्धाअर्धा, मग सगळाच लाल. बरोबर लाखोळीच्या पाल्याची भाजी, जवसाची चटणी, आणि ताटाशेजारी पाण्याचा तांब्या, तो रिकामा झाल्याशिवाय उठायचं नाही. सुरुवातीला त्याचं पोट फुगायचं आणि तो तक्रार करायचा. पुढे फुगणं कमी झालं. संक्रांतीच्या सुमाराला तो लोटा घेऊन गेला की माझं सडण संपायच्या आत परत येऊ लागला.  तो आला की मी मुसळ खाली ठेवायचे आणि जरा भिंतीला टेकायचे.

एक अट मात्र त्याने सोडली नाही. लाल भात आत चुलीपाशी, भिंतीकडे तोंड करून. ओसरीवर कोणी पाहुणा असला तर पांढरा.

आणि त्या हिवाळ्यात पाहुणे काही सरेनात. वडसाकडे नाटकांचा हंगाम सुरू होता. जाता-येता नातेवाईक आमच्याकडे उतरायचे आणि बा त्यांच्या पंगतीला बसून पांढरा भात जेवायचा. पाण्याचा तांब्याही तिथे विसरायचा. आठ-पंधरा दिवसांत रक्त परत सुरू झालं. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, शिमगा आला, काय ठरवलंत?  मी फक्त सडत होते.

तेवढ्यात मला पाहायला माणसं आली. वडसाची होती, मुलगा रेल्वेत कारकून. मुलाचे वडील आणि आत्या असे दोघं आले होते. बघणं झालं, पानं मांडली. मी वाढत होते. पाहुण्यांसमोर मी पांढरा भात वाढला आणि बाच्या ताटातही पांढराच वाढला. बाने वरण घेतलं नाही. भाताकडे बघत राहिला. त्या दिवशी सकाळी तो बांधीवरून फार उशिरा आला होता, आणि आत्ताही एका मांडीवर कलून बसला होता.

"बाई," तो मला म्हणाला, "मले हा नको. माया वाला आन."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तो पुन्हा तेच म्हणाला. मी आतून लाल भाताची पितळी आणली. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "भाऊ, हा कोनता काढला?"

"हातसडीचा हाये. माया पोटाले हाच मानवते," बा म्हणाला. "पोरगी सकारी उठून सडते, मंग शाळेत जाते."

पुढचा घास त्याने शांतपणे घेतला. इतकी वर्षं ज्याची लाज वाटत होती ते त्याने होणाऱ्या व्याह्यासमोर खाल्लं. मला त्या वेळी अभिमान वाटायला हवा होता. पण मी उभ्याउभ्या थकले होते आणि माझं लक्ष आत्याबाईंकडे गेलं. त्यांचा चेहरा खुलला होता. त्या मायला म्हणाल्या, "शिकली तरी मुसळ सोडलं नाई. आमच्या घरी खानारे लय हायेत. आमाले अशीच पायजे."

चार दिवसांनी होकार आला. लग्न चैत्रात, नोकरी सोडायची. बा घरामागच्या सांदवाडीत बैलाला चारा टाकत होता. त्याने मला तिथे बोलावून विचारलं, तुझं काय? मी रात्रभर बरीच उत्तरं जुळवली होती, शिक्षणाची, नोकरीची. 

"बा, मी थकली," एवढंच म्हणाले.

बा चारा टाकत राहिला. मग म्हणाला, ठीक आहे. त्याने मध्यस्थाकडून नकार कळवला. माय माझ्याशी काही दिवस धड बोलली नाही. असं स्थळ पुन्हा येणार नाही हे तिचं म्हणणं होतं, आणि ते बरोबर होतं.

पुढच्या रविवारी बाने धानाचं पोतं गाडीत टाकलं आणि मला चल म्हणाला. मशीनवर गर्दी होती. आमचा नंबर आला तेव्हा बाने मशीनवाल्या चाचांना सांगितलं की धान घासणारी पट्टी ढिली करा आणि धान एकदाच काढा, दुसऱ्यांदा घालू नका. चाचांनी पट्ट्याचा आवाज चालू असतानाच मान हलवली.

"भाऊ, एक बार में आधा धान वैसाच रहेगा. लाल निकलेगा. लोक म्हनतीन, चाचाच्या मशीनमंदी दम नाई."

"लोकाले सांगा," बा म्हणाला, "का याले मूळव्याध हाये."

रांगेतले हसले. बाही थोडा हसला. चाचांनी पट्टी ढिली केली. लाल-पांढरा, मध्ये तुसासकट दाणे असलेला तांदूळ पडू लागला. पोतं भरत असताना रांगेत मागे उभा असलेला एक म्हातारा पुढे आला आणि बाच्या कानाशी लागून विचारता झाला, थांबते काय यानं?

"थांबते," बा म्हणाला. "पन हळू. आन् पानी प्या लागते."

माझं सडण सुटलं. त्या तांदळात न फुटलेलं धान पुष्कळ होतं. ते निवडायचं काम राहिलंच, पण ते बसल्याबसल्या होत होतं, आणि खांदा लागत नसल्यामुळे मायही सूप पुढे ओढून बसायची. शिमगा गेला. डॉक्टरांनी पुन्हा तपासून सांगितलं की सध्या नागपूरची गरज नाही, पण हे खाणं सोडू नका. सध्या हा शब्द बाला आवडला नाही.

त्यानंतरच्या एका सकाळी मला जाग आली तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. कोणी उठवलं नव्हतं. बा केव्हाच बांधीवरून परतला होता, पाटावर नीट मांडी घालून बसला होता, आणि भूक लागली म्हणून मायला वाढायला सांगत होता. मी कूस बदलली आणि आणखी थोडा वेळ पडून राहिले.