एक स्टेशन अलीकडे

सायकल चालवायचं वय कधी संपतं, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. बायकोच्या मते ते आठवीत संपतं. मी मात्र पन्नाशी ओलांडल्यावर गिअरची सायकल घेतली. जयपुरातल्या माझ्या झालान्याच्या ऑफिसातली पुण्या-नागपूरची पोरं "सर, भारी!" म्हणाली, म्हणून ती बुडाखाली गादी लावलेली घट्ट चड्डीही घेतली.

निमित्त बाबांचं होतं. सांगानेरच्या पलीकडे जाणारी मीटरगेजची जुनी लाइन कधीच बंद पडली, रूळही उखडून नेले. आता त्या भरावावर डांबर टाकून सायकलींसाठी लांबलचक वाट केली आहे, असं मी त्यांना फोनवर सांगितलं. याच लाइनवरच्या एका चिमुकल्या स्टेशनात बाबा स्टेशनमास्तर होते. माझं लहानपण तिथल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये गेलं. आता ते भुसावळला बहिणीकडे असतात. गुडघ्यांपायी जिनासुद्धा उतरत नाहीत. आईला जाऊन बरीच वर्षं झाली.

"मग जाऊन ये ना," बाबा म्हणाले. "क्वार्टर आहे का बघ. स्वयंपाकघरात उभा राहा अन् मला व्हिडिओ लाव. तुझ्या आईचा ओटा पाहायचाय."

तो ओटा आईने हट्टाने बांधून घेतला होता. खाली बसून स्वयंपाक करताना तिची पाठ भरून यायची. वर लाल दगडाची फरशी होती. तिच्यावर उन्हाळ्यात मी गाल टेकवून पडायचो आणि लाटण्याचा प्रसाद खायचो.

एका थंडीतल्या रविवारी निघालो. मालवीय नगरच्या आमच्या फाटकापाशी बायको म्हणाली, "किती किलोमीटर आहे?"

"पाच स्टेशनं."

"स्टेशन हे काय माप आहे? मतलब, परत कधी येणार?"

"रेल्वेवाल्यांच्या घरात हेच माप असतं. लांब नाही गं."

लांब नाही, याची मला बालंबाल खात्री होती. लहानपणी कितीदा आलो-गेलो होतो!

सुरुवात झकास झाली. दोन्ही बाजूंना मोहरी पिवळीधमक फुललेली, मध्येच एखादं छाटलेलं खेजडीचं झाड, बांधावर मोर. वाट एवढी रुंद, तरी मी कडेकडेनेच चाललो होतो. रुळांवर पाय ठेवला तर बाबा कान पिळायचे. रूळ गेले, पण कानाला ते कळलेलं नाही. एका जुन्या फाटकापाशी मी चक्क थांबलो आणि दोन्हीकडे बघितलं. चाऱ्याचा भारा घेऊन चाललेली एक बाई हसायलाच लागली.

"भाईसाब, रेल तो कब की गई! किसका रास्ता देख रहे हो?"

मी रुबाबात घंटी वाजवली.

दुसऱ्या स्टेशनाच्या पुढे बूड बोलायला लागलं. गादी असून असं कसं, म्हणून चाचपून पाहिलं, तर गादी पुढच्या बाजूला होती. चड्डी उलटी घातली होती. मोहरीच्या शेतात शिरून ती सुलटी करावी लागली, आणि एका मोराने ते सगळं मान वाकडी करून पाहिलं.

तिसरं स्टेशन काही केल्या येईना. पिंडऱ्यांत गोळे आले, पाणी संपलं, ऊन चढलं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. या लाइनवरचा माझा प्रत्येक प्रवास झोपेत झाला होता. गाडी सुटली की आई माझं डोकं मांडीवर घ्यायची, आणि उठवायची ती थेट जयपुरात. हे अंतर मला लहान वाटत होतं, कारण ते मी कधी पाहिलंच नव्हतं. तिने मात्र दरवेळी, मांडी अवघडली तरी न हलता, ते सगळं अंतर जागून काढलं असणार.

लंगडत लंगडत चौथ्या स्टेशनात पोचलो. गाव आता बरंच वाढलंय. स्टेशनच्या खोलीत चहाचं दुकान आहे, तिकीटखिडकीतून कचोऱ्या मिळतात. दोन कचोऱ्या आणि चहा पोटात गेल्यावर पायांत जीव आला. आता एकच स्टेशन उरलं होतं. आमचं.

बाबांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"कुठं पोचला?"

"मागच्या स्टेशनात. बाबा, लाइन क्लिअर द्या."

पुढचं स्टेशन लाइन क्लिअर देत नाही, तोवर मागच्या स्टेशनातून गाडी सुटत नाही, हा रेल्वेचा नियम. मी लहानपणी क्वार्टरच्या दारात तिचाकी घेऊन असाच ओरडायचो, आणि बाबा ऑफिसातून "दिली!" म्हणायचे. आताही तसंच म्हणतील, असं मी धरून चाललो होतो.

फोनमध्ये मागे बहिणीच्या कुकरची शिटी झाली.

"नाही देत," ते म्हणाले.

"अहो बाबा, एकच स्टेशन राहिलंय. तुम्हीच म्हणालात ना, ओटा पाहायचाय?"

"म्हणालो होतो. रात्रभर झोप नाही लागली मग. दुपारी जेवून पडलो ना, की मी तिथंच जातो रे. ती भाकरी थापत असते. तू गेला अन् तिथं नुसतं रान असलं, तर मी दुपारी जाऊ कुठं?"

मी सायकल भिंतीला टेकवली.

"थांब तिथंच," बाबा म्हणाले. "चहा पी. कचोरी मिळते का अजून?"

"मिळते."

"मग खा अन् फिर माघारी. टेंपोत टाक सायकल, शहाणपणा नको करू."

फोन ठेवला. चहावाला सगळं ऐकत होता. मराठी कळली नसली तरी माझा चेहरा कळला असावा. कपडा खांद्यावर टाकत त्याने वाटेच्या पुढच्या वळणाकडे हात केला.

"अगले स्टेशन जाना था, साहब? वहाँ रेलवे के क्वार्टर थे ना, वो तो..."

"भैया," मी घाईघाईने ग्लास पुढे केला, "पहले एक चाय और."